राखणीची जात

व्हॅन फाटकातून आत वळली तशी केनेलमधली सगळी कुत्री एका दमात भुंकायला लागली. आणि जावयाने मागचं दार उघडून भिंगरीला खाली ओढलं, तशी ती सगळी एकदम गप्प झाली.

ही शांतता नवऱ्यामागोमाग व्हॅनमधून उतरलेल्या धाकटीच्या ओळखीची होती. विकलेलं एखादं कुत्रं परत आलं की पूर्वीही असाच गलका उठायचा आणि असाच विझायचा. मग आई हातातलं टाकून अंगणात यायची, आणणाऱ्या माणसाकडे न बघता आधी कुत्र्याला म्हणायची, "ये गं बाई, पाणी पी." आई गेली त्याला आता बराच काळ लोटला होता. आज बाहेर आली ती वहिनी, कोपरापर्यंत साबणाचे हात घेऊन, आणि आल्या आल्या तिची नजर गेली ती भिंगरीच्या तोंडाला करकचून बांधलेल्या दोरीवर.

"मुसकं मिळालं नाही का, भाऊजी?"

"चावरं कुत्रं देतोय हे सांगितलं असतंत, तर तेही घेऊन ठेवलं असतं," जावई म्हणाला.

खिशातली कात्री काढून वहिनीने दोरी कापली. भिंगरीने जबडा हलवून पाहिला, एकदा अंग झाडलं. ती व्हॅनकडे परत गेली. उघड्या दारातून आत डोकावली, सीटखाली हुंगलं, मागे आली, धाकटीच्या हातांचा वास घेतला आणि पुन्हा व्हॅनकडे गेली.

"चिमणीला शोधतेय ती," वहिनी म्हणाली.

"माझ्या पोरीचं नाव त्या जनावराबरोबर घेऊ नका." आवाज चढला नव्हता त्याचा. हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढून काढून त्याच्या आवाजातला चढच संपला होता.

चिमणी जिन्यावरून पडली होती. शाळेत नुकतंच नाव घातलेली पोर. मांडीचं हाड मोडलं, खुब्याचा सांधा सरकला. चालेल, पण एक पाय थोडा आखूड राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्या उशाशी आज जावयाची बहीण बसली होती. दूरच्या गावाहून आलेली, मूलबाळ नसलेली बाई. शुद्धीवर आल्यापासून चिमणी एकच सांगत होती, "भिंगरीने मला जाऊ दिलं नाही." आणि आणखी एक सांगत होती, पण कुणी विचारलं तरच: "आई न्हाणीत होती."

हे दुसरं वाक्य धाकटीने तिला शिकवलं होतं. अँब्युलन्समध्ये, कानाशी तोंड नेऊन, रडता रडता. आई कुठे होती? न्हाणीत होती. म्हण बघू. न्हाणीत होती.

आई तेव्हा लाँड्रीत होती, हॉटेलांच्या चादरी सरळ करणाऱ्या तापल्या रुळांपाशी. उन्हाळ्याच्या तोंडाशी लाँड्रीने पाळ्या बदलल्या, धाकटीची सकाळची पाळी दुपारवर गेली आणि चिमणीची शाळा सुटायची वेळ नि धाकटीची सुट्टी व्हायची वेळ यांच्यामध्ये दुपारची एक भली मोठी पोकळी पडली. नवरा ट्रकवर, लांबच्या पल्ल्याला. तो पूर्वीच सांगून बसला होता, पोरगी एक दिवस जरी कुलपाआड एकटी राहिली तर मी तिला बहिणीकडे नेऊन ठेवीन. तो स्वतः लहानपणी असा कोंडून वाढलेला. नुसतं बोलून दाखवणाऱ्यातला तो नव्हता. म्हणून धाकटीने त्याला बदललेल्या पाळीचं सांगितलंच नाही. चिमणीच्या गळ्यात किल्ली अडकवली, आणि माहेरी येऊन बाबांकडे भिंगरी मागितली.

आता आज या अंगणात खरं बाहेर आलं, तर चिमणी जाणार होती. नाही आलं, तर भिंगरी.

*

स्वयंपाकघर आणि पिंजरे यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक खिडकी. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात कुत्र्यांसाठी हाडं उकळत होती, काचेवर वाफ धरली होती. बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते. तरुणपणी एका डॉबरमनने फाडलेली डाव्या कानाची पाळी ते विचारात असले की चिमटीत धरत, तशी आताही धरली होती. थोरला भाऊ रबरी बूट न काढताच आत आला आणि उभाच राहिला.

"त्या कुत्रीला कायमची निजवायची सुई आजच द्यायची," जावई म्हणाला. "पोलिसात जाऊ शकत होतो मी. गेलो नाही. घरचं म्हणून घरात आलो."

"उपकारच झाले, भाऊजी," थोरला म्हणाला. "बाहेर बोभाटा झाला असता, तर आमच्या दारात पुन्हा कुणी—"

"तुझं दार राहू दे रे," बाबा म्हणाले. "पोरगी कशी आहे?"

"पायाला वजन बांधलंय. झोपेत दचकते." जावयाने जाकिटाच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. "हे बघा. उगाच कुणी म्हणायला नको, ट्रकवाला बोंब मारत सुटलाय."

पिशवीत चिमणीचा शाळेचा फ्रॉक होता, आणि एक पांढरा मोजा.

धाकटीला माहीत नव्हतं त्याने ते ठेवलं आहे. हॉस्पिटलमध्ये नर्सने कपडे कापून काढले, तेव्हा ते टाकून दिले असतील असंच ती समजून चालली होती. बाबांनी फ्रॉक टेबलावर पसरला. थोरला वाकला, वहिनी हात पुसत आली, तीन डोकी एका कापडावर झुकली. आणि दुसऱ्यांनी वर्तमानपत्र वाचावं तशी आपली माणसं आपल्या पोरीचा फ्रॉक वाचताहेत, हे धाकटीला उभ्या जागी दिसत होतं. आपल्याला जे वाचता आलं ते त्यांना कसं वाचता येणार नाही? एकाच घरात शिकलो सगळे.

मोज्याला टाचेच्या वर दोन बारीक भोकं होती, रक्त जेमतेम. फ्रॉक पुढून जसाच्या तसा. मागच्या घेराला मात्र दातांची ओळ उमटली होती, कापड ताणून लांब झालं होतं आणि शिवण कमरेपर्यंत उसवत गेली होती.

"टाचेला नुसतं टोचलंय," थोरला म्हणाला. "याला काही चावा—"

"मग काय, मुका घेतला म्हणू?"

"तसं नाही हो. ही मेंढरं राखणारी जात. कळपातलं एखादं बाहेर निघालं, की टाचेला टोचून आत वळवतात. पण..." थोरला थांबला. त्याची नजर कापडावरून उठली आणि हळूहळू बहिणीवर आली. "पण घरात आपलं मोठं माणूस असलं, की या असा स्वतःचा कारभार करत नाहीत. आधी त्या माणसाकडे धावत जातात, गिल्ला करतात. तू न्हाणीत होतीस ना, धाकटे? दाराशी येऊन भुंकली नाही ही?"

"नळ चालू होता."

"या जातीचं भुंकणं नळात बुडालं?"

"चालू होता म्हटलं ना, दादा!"

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाली, "पातेलं उतू चाललंय. तेवढं बघा."

पातेलं उतू चाललं नव्हतं. थोरल्याने जाऊन झाकण काढलं, आत पाहिलं, आणि झाकण हातात घेऊन तो पाठमोरा तसाच उभा राहिला. त्याची मान लाल होत गेलेली धाकटीने पाहिली. कळलं याला. वहिनीला तर त्याच्याही आधी कळलं.

बाबांची बोटं अजून उसवलेल्या शिवणीवरून फिरत होती, खालून वर, वरून खाली.

"बराच वेळ धरून होती," ते म्हणाले.

"काय धरून होती?" जावयाने विचारलं.

"काही नाही. कापड." त्यांनी फ्रॉकची नीट घडी घातली, मोजा तिच्यावर ठेवला. "धाकटे, चल. तिला पाणी दाखवू."

*

भिंगरी ज्या कप्प्यात जन्मली त्याच कप्प्यात जाऊन बसली होती. पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. गजांपलीकडे एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरने तिच्याकडे पाहून शेपटी हलवली आणि राहू दिली.

बाबा उलट्या बादलीवर टेकले. एकच शब्द बोलले.

"रोज?"

"शाळा असेल तेव्हा."

"आणि किल्ली?"

"तिच्या गळ्यात."

बाबांनी मान हलवली. जणू कुठल्या पिल्लाच्या दुखण्याबद्दल विचारत होते.

या घराची एक रीत होती. कुणी कितीही मोठं गिऱ्हाईक असो, त्याचं घर पाहिल्याशिवाय कुत्रं द्यायचं नाही. आई जायची. परक्याच्या बैठकीत गुमान बसून राहायची, घराला तिचा विसर पडेपर्यंत. आणि मग विचारायची. तिचे प्रश्न पोरांना इतके पाठ झाले की त्यांचा खेळ झाला, आणि आईने त्या खेळाचं गाणं करून टाकलं. भाकरतुकडा मागत आल्यासारखी ती दाराबाहेर उभी राहायची आणि आतल्या पोरांना विचारायची:

दार उघडी कोण गं, दार लावी कोण?
कुलपाआड दिवसाचं राहतं गं कोण?
जिना किती उंच गं, अंगण किती लांब?
धावणाऱ्या पायांना कोण म्हणे थांब?

जो बरोबर उत्तरं देईल त्याला चिंध्यांचं पिल्लू. थोरला अडखळायचा. धाकटी कधीच अडखळली नाही.

भिंगरी मागायला ती आली, तेव्हा याच कप्प्यापुढे बाबांनी गंमतीने ती ओळ म्हटली. कुलपाआड दिवसाचं राहतं गं कोण? आणि धाकटीने मान वेळावून, लहानपणच्याच चालीवर उत्तर दिलं होतं: कुणी नाही, कुणी नाही, घर माझं भरलेलं! दोघंही हसली होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आईच्या आठवणीने. आणि आईच्या माघारी परक्यांची घरं धुंडाळत गावंच्या गावं पालथी घालणाऱ्या या माणसाने लेकीच्या घराचा उंबरा न बघता भिंगरीची साखळी तिच्या हातात दिली होती.

"मी यायला हवं होतं तुझ्या घरी," बाबा म्हणाले.

"तुम्ही गाणं म्हणालात, बाबा. मी गाणं म्हटलं."

"हो ना. आणि मी मेला हरखून गेलो." त्यांनी कानाची पाळी सोडली. "पग घे म्हणत होतो तुला. वरच्या मजल्यावरचं घर, तुम्ही दोघं कामावर. लोळत पडलं असतं बिचारं."

"आणि चिमणी दार उघडून निघून गेली असती, तरी घोरत पडलं असतं." धाकटीचा आवाज दबका होता, पण आता तो थांबेना. "अल्सेशियन आला असता तर त्याने बाहेरच्याला अडवलं असतं, आतल्याला नाही. लॅब्रॅडॉर तर तिच्या आधी जिना उतरला असता, खेळायला. स्पॅनियलला एकटं ठेवलं की ते घर डोक्यावर घेतं, शेजारीपाजारी कळलं असतं. आतल्याला आत राखणारी एकच जात आहे, बाबा. तुम्हीच शिकवलंत. मी खूप विचार केला होता."

"जात बरोबरच निवडलीस."

धाकटीने वर पाहिलं. ते तिला टोमणा मारत नव्हते.

"चुकली असतीस तर बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "त्या दिवशी काय झालं?"

"कंटाळली असेल. किंवा भ्याली असेल. मला शोधायला निघाली, म्हणते. ही दारात आडवी झाली, तर चिमणी हिच्यावरून उडी मारून जिन्यात गेली. मग टाचेला... आणि मग ती घसरली तेव्हा हिने मागून फ्रॉक धरला. फ्रॉक फाटला." तिने ओढणी तोंडाशी धरली. "मी आले तेव्हा ही तिच्या अंगाला अंग लावून पडली होती, तिला ऊब देत. मला बघूनही उठली नाही. मीच लाथ मारून उठवली हिला, बाबा. लोक यायच्या आत."

कप्प्यातून भिंगरी त्यांच्याकडे पाहत होती. तिचे डोळे कुणावर ठरत नव्हते. धाकटी, बाबा, दार, पुन्हा धाकटी.

"नवऱ्याला सांग."

"तो नेईल तिला."

"रागाच्या भरात बोलतात माणसं."

"त्याची बहीण चिमणीसाठी कपडे घेऊन आली आहे, बाबा. थंडीतले. थंडीला अजून किती अवकाश आहे!"

बोळाच्या तोंडाशी पाऊल वाजलं आणि दोघांनी मान वळवली. दुधाचा वाडगा घेऊन वहिनी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे; दुधावर साय धरली होती.

"मी सांगणार आहे, वन्सं," ती म्हणाली.

"वहिनी—"

"हिची आई हिला जन्म देऊन गेली. बाटलीने वाढवलंय मी हिला, छातीशी बांधून. माझ्या पोटी काही झालं नाही, तेव्हा हिला उराशी धरून रडलेय. तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही हिला मागायला आलात तेव्हा मी एका शब्दाने अडवलं नाही." ती बाबांकडे वळली. "मामंजी, कुरणापलीकडचा तो मेंढपाळ अजून विचारतो, अशी मोठी तयार कुत्री असली तर द्या म्हणून. तिकडे जाऊ दे हिला. भाऊजींना एवढंच सांगायचं, की ही चावरी नाही."

"आणि त्यांनी विचारलं, चावरी नाही तर मग झालं काय?" धाकटी म्हणाली.

"तर सांगायचं जे झालं ते!"

"सांग, सूनबाई," बाबा म्हणाले. आवाज थकला होता. "तुझा हक्क आहे. मी अडवणार नाही. फक्त सांगण्याआधी मला एक सांग. चिमणी पुन्हा कधी दिसेल आपल्याला?"

चिमणी सुट्टीला यायची तेव्हा वहिनीच्याच कुशीत झोपायची, हे तिघांनाही माहीत होतं.

"हा कुठला न्याय, मामंजी?"

"न्याय नाहीच हा."

वहिनी खाली बसली, गजांतून वाडगा आत सरकवला. भिंगरीने तिचा हात चाटला, दूध नाही. उठताना ती धाकटीकडे न बघता म्हणाली, "धरायला तुम्हीच बसा मग. मला सांगू नका."

*

थोरल्याने फोन केला होता. जनावरांची डॉक्टर आली ती घाईतच, पण अंगणात भिंगरीला पाहताच तिची घाई गेली. ती गुडघ्यांवर बसली, हिरड्या पाहिल्या, कान उलटून पाहिले, पोट चाचपलं. भिंगरीने निमूट सगळं करू दिलं.

"धडधाकट आहे ही," डॉक्टर म्हणाली. "धडधाकट जनावराला मी सुई देत नाही, बाबा, आणि हे तुम्हीच मला शिकवलंय. शिकाऊ होते तेव्हा याच अंगणात तुम्ही माझी सुई हिसकावून घेतली होती. आठवतं?"

"आठवतं."

"मग? ही वाईट आहे असं म्हणतंय कोण?"

"मी म्हणतोय," जावई पुढे आला. "माझ्या पोरीचा पाय गेलाय. दुसऱ्या कुणाच्या पोराचा जायला नको."

त्याच्या म्हणण्यात काही वावगं नव्हतं. तेच तर धाकटीला सोसत नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर तो अगदी रास्त बोलत होता.

"तुमचं दुःख मला कळतं," डॉक्टर म्हणाली, "पण तुमच्या म्हणण्यावर मी हे करणार नाही. या घरात ही जात आजोबांपासून वाढलीय. या घराने म्हणायला हवं. दादा, तुम्ही सांगा. ही वाईट आहे?"

थोरल्याने बुटाच्या टोकाने ओल्या फरशीवरचा एक केस बाजूला केला. "बाबांना विचारा," तो म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिची नजर धाकटीवर होती. रागाची नव्हती आता, विनवणीची होती. बोला ना वन्सं. अजून बोला.

आता, धाकटीने स्वतःला सांगितलं. आत्ताच. मी घरात नव्हते, एवढं म्हटलं की झालं. तिने श्वास घेतला. तोंड उघडलंही. आणि तिला हॉस्पिटलच्या कपाटातले ते लोकरी कपडे दिसले, एकावर एक नीट घड्या घातलेले, वरती इवल्या बोटांचे हातमोजे. श्वास तसाच बाहेर गेला, नुसता.

बाबांनी ते पाहिलं. लेकीचं तोंड उघडताना आणि मिटताना पाहिलं, आणि मग ते डॉक्टरकडे वळले.

"मी म्हणतो," ते म्हणाले. "वाईट निघाली. रक्तातच खोट होती."

या अंगणात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. माणसांबद्दल पुष्कळदा, कुत्र्याबद्दल कधीच नाही. वहिनी दारातून आत गेली आणि आतून पातेली एकात एक आदळल्याचा आवाज आला. डॉक्टरने बाबांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. तिला पटलं नव्हतं. पण त्या माणसाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता, तो तिने आजही मोडला नाही. बॅग उघडली.

धाकटी ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. भिंगरी आपण होऊन तिच्या मांडीत आली. पुढच्या पायावरचे केस काढताना, सुई जाताना ती फक्त एकदा शहारली. तिची मान व्हॅनकडे वळलेली होती. दार अजून उघडंच होतं, आणि आतून कुणीतरी उतरायचं राहिलं आहे अशा नजरेने ती तिकडे बघत होती. बघता बघता डोकं जड झालं. धाकटीचा हात तिच्या बरगड्यांवर होता. हाताखालचं हलणं कधी थांबलं ते तिला कळलं, पण हात तिने काढला नाही. आणि बाबांनी खांद्याला धरून उठवलं तेव्हा तिच्या मांडीवर त्या अंगाची ऊब तशीच होती.

थोरल्याने भिंगरीला गोणपाटात गुंडाळून उचललं. तो कधी रडत नसे. आत्ताही रडत नव्हता. फक्त बहिणीच्या बाजूने जाताना त्याने वाट वाकडी केली, तिची ओढणी आपल्याला लागू नये म्हणून.

*

निघायच्या वेळी जावई मवाळ झाला होता. मनातलं ओझं उतरलं की माणूस होतो तसा. नळाखाली बाबा हात धूत होते, त्यांच्याशेजारी जाऊन तो उभा राहिला.

"बाबा, माझा राग तुमच्यावर नाही. आजच्याइतका मान तुमचा मला कधी वाटला नव्हता. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या जनावराला वाईट म्हणायला छाती लागते."

बाबा हात चोळत राहिले.

"चिमणी घरी आली की विचारणारच, कुत्रं कुठे म्हणून. पाय धड होईपर्यंत बाहेर खेळता येणार नाही तिला. तेव्हा एखादी गरीब जात बघून ठेवा. पग म्हणा, दुसरं काही म्हणा. आमच्या घराला झेपेल असं."

"नाही," बाबा म्हणाले.

"आत्ता नाही म्हणत मी. पुढे, सवडीने."

"पुढेही नाही, जावईबापू. तुमच्या घराला झेपेल अशी जात माझ्याकडे नाही."

जावई गोंधळला, मग हसला. "अहो, पण तुम्ही अजून आमचं घर पाहिलंयत कुठे?"

बाबांनी नळ बंद केला. सदऱ्याला हात पुसले आणि जावयाच्या खांद्यावरून पलीकडे, व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. लहानपणी ती खेळ जिंकायची तेव्हा ते तिला उचलून घेत. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं, सभ्यपणे.

"आज पाहिलं," ते म्हणाले, आणि आत गेले.

व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली. मग जावयाने विचारलं, "काय पाहिलं म्हणाले ते?"

धाकटीच्या काळ्या सलवारीवर पांढरे केस चिकटले होते. ती ते एक एक करून काढत होती आणि खिडकीबाहेर न टाकता मुठीत धरत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "वय झालंय त्यांचं. काहीबाही बोलतात."

"मलाही वाटलंच." त्याने हात लांब करून तिच्या मुठीवर ठेवला, थोपटला. मग गिअर बदलायला काढून घेतला. "जाऊ दे. झालं एकदाचं. रजा संपली ना तुझी? उद्या सकाळचीच पाळी?"

"सकाळचीच," धाकटी म्हणाली.